मदत हवी आहे: टॅबवरचा रंग कॅनव्हासवर येत नाहीये

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत राहते, आज्जीचं पोर्ट्रेट ऑइलमध्ये करतेय, 18 बाय 24 इंचांचा कॅनव्हास. आधी आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या ॲपमध्ये क्रॉप ठरवला, फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून टोन, म्हणजे उजेड-सावलीच्या छटा, पाच पायऱ्यांत तोडले, ते फार कामी आलं. मग चौकोनांची ग्रिड टाकून ड्रॉइंग उतरवलं, बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा पातळ हात दिला, तिथपर्यंत मस्त.

पण गालाचा रंग काही केल्या जुळत नाहीये. स्क्रीनमधून उजेडच बाहेर येतो म्हणून तिथला केशरी झळाळतो आणि तोच मी यलो ऑकर, कॅडमियम रेड आणि व्हाइट मिसळून लावला की खडूसारखा दिसतो. तुम्ही कलर स्टडी (रंग ठरवायला आधी करतात ते कच्चं चित्र) टॅबवरच करता का सरळ ऑइलमध्येच छोटी करून घेता?

आणि फोटो मोबाइलने अगदी जवळून काढलाय त्यामुळे नाक मोठं आलंय, ते प्रोक्रिएटमधल्या लिक्विफायने (आकार ढकलून बदलायचं टूल) सुधारू की आज्जीला समोर बसवून कॅनव्हासवरच? ती ठाण्यात काकांकडे असते, अर्धा तास बसेल, त्याहून जास्त त्रास नाही द्यायचा तिला. पण तिचे डोळे फोटोत नीट येतच नाहीत हो, आणि मला तेच हवेत. कोणी असं केलं असेल तर सांगा प्लीज.