अ‍ॅडलेडची फूड-वाईन टूर: गाइडबरोबर की स्वतःच?

म्हापशेकर: मार्चमध्ये आई-बाबांना घेऊन साऊथ ऑस्ट्रेलियाला जायचंय. बरोसा (वाइनचं खोरं), हॅन्डॉर्फ, कांगारू आयलंड. गाईडेड टूर घ्यावी की गाडी भाड्याने घेऊन फिरावं? बाबा फक्त काजू फेणीवाले, आई शाकाहारी, जमेल ना?

फोंड्याची बाय: टूरच घे रे, वाइन चाखून गाडी चालवायची म्हणजे तिथे रक्तातल्या अल्कोहोलची ०.०५ टक्क्याची लिमिट आहे आणि पोलीस रस्त्यात कुठेही फुंकायला लावतात. मार्च बेस्ट, द्राक्षं तोडायचे दिवस असतात. बाबांना बरोसाची शिराझ (रेड वाइन) पाजच, तिथे १८४३ सालच्या वेली अजून फळं देतात, खोड बघितलंस तर आपल्या जुन्या काजूसारखं पिळलेलं. टेस्टिंगला ग्लासात दोन घोटच ओततात हं, बाबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर "एवढंच?" म्हणतील 😄

काणकोणकर: आईसाठी अ‍ॅडलेडचं सेंट्रल मार्केट, १८६९ पासूनचं, चीज, ऑलिव्ह, फळं सगळं एका छपराखाली. हॅन्डॉर्फ म्हणजे जर्मन लोकांनी १८३९ मध्ये वसवलेला गाव, छान आहे पण दोन तास पुरे. कांगारू आयलंडला केप जर्व्हिसच्या धक्क्यावरून फेरीबोटीने ४५ मिनिटं, एका दिवसात उरकू नका, रात्र काढा तिकडे.

म्हापशेकर: आणि आई लोणचं घेणारच म्हणते 🙈

फोंड्याची बाय: घेऊ दे, पण विमानतळावरच्या कार्डावर डिक्लेअर कर, लपवलंस तर दंड जबर. मध मात्र इथून नको, कांगारू आयलंडवर लिगुरियन (मूळ इटलीच्या जातीच्या) मधमाश्या शुद्ध सांभाळल्यात, तिथे बाहेरचा मध न्यायला बंदीच आहे.