एकादशीच्या उपासाने पेशी साफ होतात का?

गोदाकाठ, नांदेड
आषाढीपासून गल्लीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरायलाय: उपासाला पेशी स्वतःचाच कचरा खातात, त्यावर जपानी माणसाला नोबेल मिळालं. मला यात तथ्य दिसतं. योशिनोरी ओसुमी, 2016. त्यांनी यीस्ट उपाशी ठेवलं, तर पेशी आपलीच जुनी प्रथिनं पिशवीत भरून मोडायला लागल्या. हीच ऑटोफॅजी. आमची आजी आयुष्यभर एकादशी धरून नव्वदी पार गेली.

मास्तरीण, लातूर
नीटच्या पोरांना हेच शिकवते, म्हणून राहवेना. ओसुमींनी यीस्टला साबुदाण्याची खिचडी दिली नव्हती! पेशीत एमटॉर नावाचं प्रथिन असतं. इन्सुलिन वाढलं, अमिनो आम्लं आली की ते 'नवं घडवा' म्हणतं आणि साफसफाई थांबवतं. साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट, त्यानं इन्सुलिन चढणारच. वर शेंगदाण्याची आमटी, म्हणजे अमिनो आम्लंही आली. एकादशी अन् दुप्पट खाशी, मग कचरा कोण उचलणार?

गोदाकाठ, नांदेड
आजी निर्जळी करायची, ताई. भगर-आमटी आम्हा पोरांसाठी.

मास्तरीण, लातूर
मग ते वेगळं. तरी उपाशी उंदराचं यकृत कापून ऑटोफॅजी वाढलेली बघता येते. आजीचं कोण बघितलं?

कंपाउंडर, बीड
दोघंही एमटॉरला चोर ठरवायलात. ते दाबणारं रॅपामायसिन देऊन उंदीर जास्त जगले, 2009 मध्ये. 600 दिवसांच्या म्हाताऱ्या उंदरांना दिलं तरी. खरंय. पण तेच औषध किडनी बसवलेल्याला देतात, शरीरानं ती नाकारू नये म्हणून. म्हणजे प्रतिकारशक्तीच दबते.
आपल्या अंगात रोज अंदाजे 250 ते 300 ग्रॅम प्रथिनं मोडतात आणि जवळपास तेवढीच नव्यानं घडतात. ताटातून जेमतेम 60-70 ग्रॅम येतात, बाकी सगळा जुनाच माल पुन्हा वापरात. मोडणं तर चालूच असतंय, उपास धरा नाहीतर नका धरू. म्हातारपणी अडतं ते घडण्यावर. सत्तरीतल्या माणसाच्या मांड्या बघा, कातडं लोंबतंय. त्यांना वरण, दूध, अंडं वाढवा म्हणायचं सोडून उपासाचे मेसेज पाठवायलेत! आणि शुगरची गोळी खाऊन निर्जळी केलेले आमच्याकडं घाम फुटून, चक्कर येऊन येतात. त्यांना आधी साखरपाणी पाजावं लागतं.

गोदाकाठ, नांदेड
आजीला शुगर नव्हती, आईला आहे. गोळीचं काय करायचं ते त्या मेसेजात नव्हतं. उद्या डॉक्टरला विचारतो. उपास मात्र ती सोडायची नाही, आधीच सांगतो.