‘मॅचिंग नंबर्स’ लिहिलंय म्हणून झेड/२८ चे पैसे मोजायचे का? (जुन्या मसल कार : खऱ्या आणि बनवलेल्या)

वुडवर्डकर (धागाकर्ता)

मंडळी, मिशिगनमध्ये राहतो, दर ऑगस्टला वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते तेव्हा सकाळपासून खुर्ची टाकून बसणाऱ्यांपैकी मी एक. गेली चार वर्षं १९६९ ची शेवरले कमॅरो झेड/२८ (कमॅरोची रेसिंगसाठी काढलेली खास आवृत्ती) घ्यायची म्हणून पैसे बाजूला टाकतोय. मागच्या महिन्यात ओहायोत एक बघून आलो आणि तेव्हापासून डोकं शांत नाहीये, म्हणून हा धागा.

जाहिरातीत लिहिलेलं ‘मॅचिंग नंबर्स, ओरिजिनल डीझेड मोटर’, म्हणजे इंजिन कारखान्यातून याच गाडीत आलेलं, त्यावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळणारा; डीझेड हा झेड/२८ च्या इंजिनाचा कोड. गाडी दिसायला एकदम चकाचक. व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) १२४३७९एन ने सुरू होणारा, म्हणजे शेवरले, व्ही-८ कमॅरो, कूपे, १९६९, आणि एन म्हणजे नॉरवुडच्या कारखान्यातली. पण मेख इथेच आहे, ६९ च्या कमॅरोचा व्हिन तुम्हाला गाडी व्ही-८ आहे एवढंच सांगतो, ती झेड/२८ आहे का एसएस (दुसरी जोरदार आवृत्ती) आहे का साधी आहे हे त्यात कुठेच नसतं. त्यामुळे साध्या कमॅरोवर पट्टे ओढून, ३०२ घनइंचाचं इंजिन बसवून झेड/२८ ‘तयार’ करणं फार सोपं आहे.

मग इंजिनाकडे वळलो. ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या) पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या खाली एक सपाट पट्टी असते, तिच्यावर कारखान्याचा शिक्का. व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, मग महिना-तारीख, मग डीझेड, आणि शेजारी व्हिनचे शेवटचे आकडे. सगळं जुळत होतं. शिक्का जानेवारीचा. पण कारखान्यात ती पट्टी ब्रोचिंग मशीनवर कापली जायची त्याच्या बारीक समांतर रेघा असायला हव्यात, इथे ती आरशासारखी गुळगुळीत. तिथेच पाल चुकचुकली. आरसा आणि टॉर्च घेऊन ब्लॉकच्या मागच्या टोकाची ओतकामाची तारीख शोधली. सी २० ९ निघाली. सी म्हणजे मार्च. २० मार्च १९६९. आणि फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरची) ट्रिम टॅग, म्हणजे कारखान्याची माहितीची पट्टी, म्हणत होती ०२बी, म्हणजे गाडी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बनली!! इंजिन ओतायच्या महिनाभर आधी गाडी तयार, आणि इंजिनावर शिक्का त्याहून आधीचा. वर फायरवॉलला एसीच्या जागी पत्रा वेल्ड करून बुजवलेला, झेड/२८ ला त्या वर्षी एसी मिळतच नव्हता.

विकणारा म्हणाला वॉरंटीत इंजिन बदललं असेल. अहो पण वॉरंटीच्या इंजिनावर याच गाडीचा नंबर आणि जानेवारीची तारीख कशी येईल?

तर माझं मत, पटेल न पटेल. धातूवरचे आकडे कोणीही ठोकू शकतो, तेव्हा गाडी विकली गेली त्या दिवसापासूनचा कागद हातात नसेल तर तिला झेड/२८ म्हणू नये आणि त्या भावाने घेऊ नये. आपण गावाकडे दोन गुंठे घेताना सातबारा, फेरफार, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो की नाही? पाँटिॲकवाल्यांना पीएचएस या जुन्या नोंदी ठेवणाऱ्यांकडून कारखान्याच्या बिलाची प्रत मिळते, १९६७ पासूनच्या फोर्डचा मार्टी रिपोर्ट (कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला गाडीचा तपशील) मिळतो. शेवरलेवाल्यांचे हाल, कॅनडात विकलेल्या गाड्यांची नोंद मिळते पण अमेरिकेत विकलेल्यांची कंपनीकडून तशी मिळत नाही. मग डीलरचं बिल, बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं त्याची कारखान्यातली यादी), वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट (गाडीचा तपशील ठोकलेली धातूची पट्टी), जुन्या मालकांची साखळी, यातलं काहीतरी हवंच.

---

लोखंड_टेक्सास

धागा चांगला, निष्कर्ष साफ चुकीचा. मी रिस्टोरेशनच्या शॉपमध्ये काम करतो, रोज हात याच घाणीत असतात. दादा, सगळ्यात आधी खोटा बनतो तो कागद. प्रोटेक्ट-ओ-प्लेट हा बोटभर धातूचा तुकडा, नवीन बनवून मिळतो. ट्रिम टॅग मिळते. बिल्ड शीट जुन्यासारखी दिसणाऱ्या कागदावर छापायची आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये खोचून ठेवायची, मग गिऱ्हाईकासमोर सीट उघडून ‘अरे बघा काय सापडलं’ म्हणायचं. हे होतं. आणि खरी शीट सापडली तरी ती त्याच गाडीची असेल याचीही खात्री नाही, लाइनवरचे कामगार भलत्याच गाडीची शीट खोचून मोकळे व्हायचे.

तुम्ही स्वतः तो माणूस पकडलात कशावरून? कागदावरून नाही, २० मार्चच्या ओतकामावरून. म्हणजे तुमचाच अनुभव तुमच्या मताच्या विरोधात जातो. धातू बघायला शिका. काचेखालच्या व्हिनच्या पट्टीला फुलाच्या आकाराचे रिव्हेट आहेत का साधे. काउलचं पॅनल (समोरच्या काचेच्या खालचं, वायपरजवळचं) काढल्यावर खाली व्हिनचे आकडे ठोकलेले असतात, फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे पुन्हा एकदा असतात, तिथपर्यंत बनवणाऱ्याचा हात सहसा पोचत नाही कारण गिऱ्हाईकच तिथपर्यंत जात नाही. पेंटची जाडी मोजायचं यंत्र आणा. वेल्ड कारखान्याचे स्पॉट वेल्ड आहेत का कोणी नंतर मारलेत ते बघा.

---

मनस्विनी

दोघांचंही वाचलं आणि वाईट वाटलं. गाडीवर प्रेम आहे की तिच्या कुंडलीवर?

आमच्याकडे १९७० ची शेव्हेल आहे. साधी मालिबू होती, नवऱ्याने आणि मी तीन हिवाळे गॅरेजमध्ये काढून तिला ४५४ घनइंचाचं इंजिन बसवलं, एसएसची चिन्हं लावली. कोणी विचारलं तर पहिल्याच वाक्यात सांगतो की ही बनवलेली आहे. मुलं मागच्या सीटवर बसून शाळेत गेलीत त्यात. खऱ्या एलएस-६ इंजिनाच्या (४५४ मधलं सगळ्यात जोरदार) १९७० साली ४,४७५ बनल्या, ४५० हॉर्सपॉवर, आणि त्या वर्षीच्या शेव्हेलचा व्हिनसुद्धा एसएस आहे का नाही ते सांगत नाही, म्हणजे तुमचाच प्रॉब्लेम इथेही. पण मला सांगा ही फसवणूक सुरू कुठून झाली? तीन आकडे जुळले की किंमत दुप्पट होते म्हणून लोक ब्लॉक घासून नंबर ठोकतात. ही आकड्यांची पूजा तुम्हीच थांबवा, बनवणाऱ्यांचा धंदा आपोआप बसेल. २०१४ साली सिएटलच्या लिलावात १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल (उघड्या टपाची) ३५ लाख डॉलरला गेली. त्या किमतीची गाडी कोण पावसात काढणार? ती पुन्हा कधी रस्त्यावर दिसेल का?

---

वुडवर्डकर

मनस्विनीताई, तुमच्या शेव्हेलबद्दल एक शब्द वाकडा नाही, तुम्ही सांगून चालवताय. पण तुमच्यानंतर ती गाडी ज्याच्याकडे जाईल तो सांगेल का? आणि त्याच्यानंतरचा? तीन मालक बदलले की ‘बनवलेली’ हा शब्द गळून पडतो आणि चौथा माणूस माझ्यासारखा चार वर्षांची बचत घेऊन येतो. कागद म्हणतोय तो यासाठीच, आपण नसलो तरी तो बोलला पाहिजे.

लोखंड, ओतकामाची तारीख माझ्याच विरोधात जाते हे मान्य. पण समजा त्याने जानेवारीतला जुना ब्लॉक शोधला असता, रेघांसकट पट्टी बनवली असती, तर मी पकडलं असतं का? नसतं. तुमच्या धातूची परीक्षा आळशी बनवणाऱ्याला पकडते, हुशाराला नाही.

---

लोखंड_टेक्सास

हुशार माणूस कागदही हुशारीनेच बनवतो की! म्हणून एकच पुरावा धरून बसू नका एवढंच म्हणणं आहे. आणि बॉडीचं काय? ६९ कमॅरोची अख्खी बॉडी आज नव्या पत्र्याची विकत मिळते, डायनाकॉर्न नावाची कंपनी बनवते, छपरापासून फ्लोअरपर्यंत. शेतात गंजून पडलेल्या गाडीचा व्हिन त्या नव्या बॉडीवर चढवला आणि सगळे अस्सल कागद सोबत दिले तर तुमच्या हिशोबाने गाडी पास. माझ्या हिशोबाने ती गाडी कधीच मेलीय.

---

सूर्यफूल_कॅन्ससकर

व्हिनच्या पट्टीचा विषय निघालाय तर आमच्या राज्यातली गोष्ट सांगतो. एका माणसाने इंडियानातून १९५९ ची कॉर्व्हेट घेतली, रिस्टोअर केलेली, ५०,००० डॉलरला. कॅन्ससमध्ये रजिस्टर करायला २०१७ साली नेली तर तपासणीत व्हिनच्या पट्टीवर शंका आली आणि गाडी जप्त. कारण काय तर आधी कोणीतरी रिस्टोअर करताना पट्टी काढून पुन्हा बसवलेली. गाडी चोरीची नव्हती, माणूस निर्दोष आहे हे सगळ्यांना मान्य, तरी तेव्हाच्या कायद्यात गाडी नष्ट करा असंच लिहिलेलं. २०२२ मध्ये कायदा बदलावा लागला तेव्हा कुठे २०२३ मध्ये गाडी परत मिळाली. सहा वर्षं!

म्हणून नवीन घेणाऱ्यांनी कळकळीने ऐका, रंगासाठीसुद्धा कोणाला ती पट्टी काढू देऊ नका. आणि लोखंडभाऊ, ‘फुलाचे रिव्हेट नाहीत म्हणजे चोर’ असं धरून चालू नका, प्रामाणिक माणूस असाच भरडला जातो.

---

जुनीसीट

मला तर वाटतं तुम्ही सगळे रिस्टोअर केलेल्या गाड्यांवर भांडताय आणि खरा शत्रू रिस्टोरेशनच आहे. सँडब्लास्ट केलं, नवा रंग मारला, की लाइनवरच्या माणसाने खडूने केलेल्या खुणा, रंगाचे ओघळ, सगळं गेलं. मग राहतात फक्त आकडे, आणि आकडे ठोकता येतात.

‘बुलिट’ सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनच्या पाठलागाच्या सीनमधली १९६८ ची हिरवी मस्टँग घ्या. न्यू जर्सीच्या एका कुटुंबाने १९७४ मध्ये ती जाहिरात बघून ६,००० डॉलरला घेतली, घरची बाई ती घेऊन शाळेत शिकवायला जायची. पुढे कित्येक वर्षं तशीच पडून. कोणी तिला नवी केली नाही. त्यामुळे शूटिंगच्या वेळी कॅमेरा लावायला जे वेल्डिंग केलेलं त्याच्या खुणा खाली तशाच राहिल्या. मार्टी रिपोर्टवाल्या केव्हिन मार्टीने व्हिन तपासला, कागद होतेच, पण त्या वेल्डिंगच्या खुणा कोण खोट्या बनवणार? जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात फी धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली, गंज आणि पोचे यांच्यासकट. आणि मनस्विनीताई, ती चालवलेली गाडी होती बरं का.

---

मनस्विनी

हे आवडलं. रोज वापरलेल्या गाडीच्या खुणा हाच तिचा इतिहास, हे मला मान्य आहे. पण मग वुडवर्डकरांनी ज्या गाड्या नाकारल्या असत्या त्यातल्या कित्येक अशाच असतील की, वापरलेल्या, इंजिन बदललेल्या, कागद पुरात गेलेल्या.

---

नॉरवुडचे_काका

पोरांनो, मी १९७८ पासून या देशात आहे, एक मुद्दा कोणीच घेतला नाही म्हणून लिहितो. झेड/२८ बनवलीच होती ट्रान्स-ॲम रेसिंगच्या ५ लिटरच्या मर्यादेसाठी, ३०२ घनइंचाचं इंजिन त्याचसाठी. तरण्या पोरांनी घेतल्या आणि पिळल्या. इंजिनं फुटली. शेवरलेने वॉरंटीत नवे ब्लॉक दिले, त्यांच्या पट्टीवर सीई असा शिक्का असायचा. असा सीई ब्लॉक असलेली गाडी म्हणजे तिचं आयुष्य खरं जगलेली गाडी. पण बाजारात तिला ‘मॅचिंग नाही’ म्हणून हिणवतात, आणि मग तोच मालक किंमत येत नाही म्हणून एक दिवस सीई घासून तिथे डीझेड ठोकतो. मी स्वतःच्या डोळ्यांनी असं झालेलं बघितलंय, ओळखीच्याच माणसाने केलं. चांगल्या गाडीचा खरा इतिहास आपल्या हाताने पुसला त्याने. त्या दिवसापासून बोलणं सोडलं मी त्याच्याशी.

---

वुडवर्डकर

काका, नमस्कार. हा मुद्दा मी पूर्णपणे विसरलो होतो. माझं वाक्य बदलतो: कागद हवाच यावर ठाम आहे, पण तो कागद ‘इंजिन बदललं’ असं सांगणारा असेल तरी मला चालेल. ठोकलेल्या डीझेडपेक्षा खरा सीई ब्लॉक मी जास्त पैसे देऊन घेईन. ओहायोची सोडली, त्या माणसाने ओतकामाची तारीख दाखवल्यावर फोनच उचलणं बंद केलं.

फोर्ट वेनजवळ दुसरी एक आहे. दुसरा मालक, १९८१ पासून त्याच्याकडेच, एसी कधी नव्हता, ब्लॉक सीई म्हणूनच सांगतोय, वॉरंटी कामाची डीलरची पावती आहे म्हणतो. रंग मात्र एकदा मारलेला. येत्या शनिवारी जातोय.

---

लोखंड_टेक्सास

पावती बघा, तुमच्या समाधानासाठी. पण आधी वायपर काढून काउलचं पॅनल उचलायला सांगा, स्क्रू थोडेच असतात, अर्ध्या तासाचं काम आहे. खालचे आकडे काचेतल्या व्हिनशी ताडून बघा, फोटो इथे टाका. आणि तो म्हणाला ना की पॅनल उचलू देणार नाही, तर पावती कितीही खरी दिसो, गाडीत बसून घरी निघा.