दोन डोस झालेत म्हणून क्वारंटाइन रजा नाही, हे कुठलं लॉजिक? (कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरची, ऑगस्ट २०२१ मधली चर्चा)

नाइटवाली सिस्टर: प्रायव्हेट हॉस्पिटलात वॉर्डला आहे, नाव सांगत नाही, नोकरी हवीय. कोविशील्डचा पहिला डोस जानेवारीच्या शेवटी आणि दुसरा बरोबर २८ दिवसांनी घेतला, आम्हीच पहिल्या लॉटमधले. आणि आता जुलैमध्ये ताप आला, वास गेला, आरटीपीसीआर पॉझिटिव्ह. घरी दहा दिवस काढले आणि परत गेले तर एचआर म्हणतं, तुमचे दोन्ही डोस झालेत म्हणजे हे ड्यूटीवरचं इन्फेक्शन धरता येणार नाही, बाहेरून आणलं असेल, दहा दिवस तुमच्या ईएलमधून (साठलेल्या हक्काच्या रजेतून) कापू. नॉन-कोविड वॉर्डातले एन-९५ तर आधीच बंद केलेत, तीन पदरी मास्कवर भागवा म्हणे, "आता लस झालीय ना!" माझं लसीशी भांडण नाही हो. लस आम्ही घेतली आणि सूट मॅनेजमेंटला मिळाली, एवढंच म्हणणं आहे.

सांगलीचा खवचट: म्हणजे लस घेऊन काही होत नाही हे शेवटी हॉस्पिटलवाल्यांनीच सिद्ध केलं. डॉक्टरला होतो, नर्सला होतो, मग आम्ही पब्लिकने कशाला दंड पुढे करायचा?

लॅबवाला: दादा, वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलचे (ख्रिश्चन मेडिकल कॉलेज) आकडे बघा. एकाच हॉस्पिटलचा दहा हजारांवर स्टाफ, २१ फेब्रुवारी ते १९ मे, म्हणजे भर दुसरी लाट. दोन डोसवाले ७०८०, त्यातले ६७९ पॉझिटिव्ह, ९.६ टक्के. लस न घेतलेले १६०९, त्यातले ४३८, म्हणजे २७ टक्के. ऑक्सिजन लागला तो दोन डोसवाल्यांत ४ जणांना आणि न घेतलेल्यांत ११ जणांना, आणि हे ११ तिकडच्या ७०८० मधले नाहीत, १६०९ मधले आहेत, भागाकार तुम्हीच करा. स्टाफमधला एकच माणूस गेला, त्याने लस घेतली नव्हती.

सांगलीचा खवचट: पण एप्रिलमध्ये आयसीएमआरने, सरकारच्याच वैद्यकीय संशोधन संस्थेने, काय सांगितलं होतं? दोन डोस कोविशील्ड घेतलेले दीड कोटीच्या वर आणि पॉझिटिव्ह फक्त ५०१४, ०.०३ टक्के! आता तुम्ही म्हणता ९.६. तीनशे पट फरक आणि वर आम्हीच अडाणी?

लॅबवाला: हे बरोबर पकडलंत. तो आकडा छातीठोकपणे सांगायला नको होता. त्या दीड कोटीतल्या किती जणांचा दुसरा डोस होऊन जेमतेम काही दिवस झाले होते, सगळ्यांची टेस्टही झालेली नव्हती, आणि लाट तर अजून चढत होती. वेल्लोरला रोज पेशंटच्या तोंडाशी उभे राहणारे लोक आहेत. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न वेगवेगळे विचारलेत. लोकांना मात्र ०.०३ एवढंच ऐकू आलं, त्यात यांचं एचआरपण आलं.

डॉ. चहाबाज: मी थोडं कडू बोलतो. सिस्टर, वॉर्डातूनच लागलं हे तुम्ही तरी कसं सिद्ध करणार? आमच्याकडे जूनमध्ये लागोपाठ सहा जण पॉझिटिव्ह आले, कोविड वॉर्डाचा एकही नाही, सगळे पॅन्ट्रीतले. दुपारी दोनला मास्क हनुवटीवर, डबे उघडे, एकमेकांच्या ताटातली भाजी. दोन डोसनंतर लोक ढिले पडतात, मीही पडलो. प्रत्येक पॉझिटिव्हला स्पेशल रजा दिली तर महिनाअखेर ड्यूटी लावायला माणूस उरायचा नाही. आणि केस बहुतेक माइल्डच असते.

नाइटवाली सिस्टर: सर, पॅन्ट्री कोणाची? हॉस्पिटलचीच ना! आमची दहा बाय आठची आहे, एसीसाठी खिडकीला प्लायवूड ठोकलंय, चौदा जणींना जेवायला वीस मिनिटं. डबा खायला काय टॉवेलखाली तोंड घालू? बारा तास मास्क लावून नाकाच्या हाडावर चट्टा पडलाय तो काय ढिलं राहून पडला?

रेसिडेंट२: माइल्डवरून आठवलं. इस्राएलच्या शेबा मेडिकल सेंटरचा पेपर नुकताच आलाय. लस पूर्ण झालेल्या १४९७ स्टाफची टेस्ट केली, ३९ ब्रेकथ्रू, म्हणजे लस घेऊनही झालेली इन्फेक्शनं, सापडली. जवळपास सगळे माइल्ड किंवा लक्षणंच नाहीत, पण १९ टक्क्यांना सहा आठवडे उलटले तरी त्रास होता. त्याला माइल्ड म्हणायचं असेल तर म्हणा. दुसरं म्हणजे आम्हाला चार आठवड्यांच्या गॅपने उरकलं, नंतर मे महिन्यात पब्लिकला १२ ते १६ आठवडे केले. कोविशील्ड मुळात ज्यांची, त्या ऑक्सफर्डच्याच ट्रायलमध्ये सहा आठवड्यांच्या आतल्या गॅपला ५५ टक्के आणि १२ आठवड्यांच्या पुढे ८१ टक्के एफिकसी (परिणामकारकता) आली होती. स्टाफला तिसरा डोस आत्ता द्यायला पाहिजे.

जतचा भाचा: तिसरा?? माझा मामा जत तालुक्यात पहिल्या डोससाठी पहाटे पाचपासून चप्पल ठेवून रांग लावतो आणि अकराला "स्टॉक संपला" ऐकून घरी येतो. डब्ल्यूएचओसुद्धा म्हणतंय या सप्टेंबरअखेरपर्यंत (२०२१) बूस्टर थांबवा. तुमचं दुखणं कळतं पण जरा मागे वळून रांग बघा.

रेसिडेंट२: मामाला आधी मिळावा, मान्य. पण मामा ॲडमिट झाला तर नाइटला कोण असणार हेपण बघा ना.

मेट्रन (रिटायर): बाळांनो, लसीवर महिनाभर भांडाल. सुई टोचली की आपण काय करतो? रजिस्टरला नोंद, रक्त तपासणी, उपचार हॉस्पिटलच्या खर्चाने. हेपॅटायटिस बी ची लस घेतलीय का हे विचारतात ते पुढे काय द्यायचं ते ठरवायला. "लस घेतलीय म्हणजे सुई घरी टोचून आलीस" असं माझ्या तेहतीस वर्षांत कोणी म्हणालं नाही. सिस्टर, पॉझिटिव्ह यायच्या आधीच्या चौदा दिवसांचा ड्यूटी रोस्टर काढ, त्यातले कोणते पेशंट नंतर पॉझिटिव्ह निघाले ते बेड नंबरने लिही, नाव नको, आणि अर्ज दे. तोंडी बोलू नकोस.

डॉ. चहाबाज: सुईचं पटलं, मॅडम. पॅन्ट्रीचं मात्र मागे घेत नाही.

नाइटवाली सिस्टर: मॅडम, काल रोस्टरची झेरॉक्स लावून अर्ज नेला. चौदा दिवसांत तीन बेडचे पेशंट नंतर पॉझिटिव्ह निघाले, त्यातल्या एकाला मीच नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं मशीन) लावलं होतं. एचआरने इनवर्डचा (अर्ज मिळाल्याचा) शिक्का मारला नाही, मेल करा म्हणाले. मेल केलाय, सीसीत इन्फेक्शन कंट्रोल नर्सला ठेवलंय. सर, आज प्लायवूडपण काढलंय, मेंटेनन्सवाल्याला दोन चहा पाजून.