मानपत्रात ‘मुलं वाढवली’ हे कर्तृत्व धरायचं का?

शाईपेन: पंच्याहत्तरीचं मानपत्र लिहायचंय. सत्कारमूर्ती गृहिणी, नोकरी केलेली नाही, तीन मुलं वाढवली. घरच्यांचा मसुदा: ‘थोरले इंजिनियर, मधली डॉक्टर, धाकटे अमेरिकेत.’ बाईंबद्दल फक्त ‘त्यागमूर्ती’. मुलं वाढवणं हेच कर्तृत्व म्हणून कसं लिहावं?

करवंद: आधी पदव्या काढा. तो मुलांचा बायोडेटा झाला. एखादा दहावीला गचकला असता तर बाईंचे कष्ट कमी भरले असते का? ए-फोर चौकटीत दीडशे शब्द पुरे, त्यात काम लिहा: नळ किती वाजता यायचा, दम्याच्या पोराला रात्री वाफारा कोण द्यायचं, फीसाठी भिशी कशी लावली. मुलांना वेगवेगळं गाठून विचारा. एकत्र बसवलं की ‘आईने खूप केलं’च्या पुढे गाडी सरकत नाही. ‘त्यागमूर्ती’, ‘वात्सल्यसिंधू’ आले की लोक ऐकायचं सोडून जेवणाकडे बघतात.

वकिलीणबाई: कोर्टाने हे काम केव्हाच मोजलंय. जमशेदपूरच्या आगीतल्या मृतांच्या भरपाईत, 2001 च्या लता वाधवा निकालात, गृहिणीच्या कामाचं मोल महिना 3000 रुपये धरलं. 2021 च्या कीर्ती निकालात, मोटार अपघाताच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या मानीव उत्पन्नावर (पगार नसला तरी हिशेबासाठी धरलेली कमाई) भविष्यातली वाढही धरायला सांगितली. मृत गृहिणीचं वय चाळिशीच्या आत असेल तर ही वाढ 40 टक्के. त्याच निकालात लोकांचा दिवस कशात जातो हे मोजणाऱ्या 2019 च्या सरकारी वेळ-वापर पाहणीचे आकडे आहेत: बिनपगारी घरकामाला बायका दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात, पुरुष 97. मुलं-म्हातारी सांभाळणं वेगळं, त्याची 134 आणि 76.

गोम पुढे आहे. दाव्यात नुसतं ‘गृहिणी’ लिहिलं, मुलांची वयं, अंथरुणावरचं माणूस, कामाचे तास शपथपत्रात आलेच नाहीत, तर अपघाताचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण बरेचदा अकुशल मजुराच्या किमान वेतनावर थांबतं. करवंद म्हणतात तो तपशील तिथेही लागतो.

निवडुंग: कर्तृत्व म्हणा, ‘वारसा’ जपून वापरा. र. धों. कर्वे यांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वारसा नाही म्हणाल? आणि ‘वंशाचा दिवा’ तर नकोच, मधली लेक समोरच बसलेली असणार.

शाईपेन: पटलं. यजमानांचा उल्लेख ‘खंबीर साथ’ असा करू का?

करवंद: आधी विचारा, डबे कोण भरायचं.