मदत हवी आहे: कायदा अन्यायी आहे हे कशावरून ठरवायचं?

मंडळी, जरा मदत हवीये. दादर स्टेशनच्या पुलाखाली एक आजी टाळ घेऊन अभंग म्हणायच्या, पुढ्यात स्टीलची वाटी, कुणापुढे हात पसरलेला मी तरी कधी बघितला नाही, गेल्या महिन्यात त्यांना गाडीत घालून नेलं आणि तेव्हापासून मी १९५९चा तो भीक मागायला बंदी घालणारा कायदा वाचत बसलेय. त्यात गाणं म्हणून, भविष्य सांगून पैसे घेणं हीसुद्धा भीकच! पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत डांबता येतं, पुढे १०. दिल्ली हायकोर्टाने २०१८ला यातली बरीच कलमं दिल्लीपुरती रद्द केली.

भाऊ म्हणतो रीतसर पास झालेला कायदा आहे, अन्यायी कसा? अरे पण १८७१चा गुन्हेगार जमाती कायदाही रीतसरच होता ना, त्यात तर पोर जन्मतःच गुन्हेगार. मला वाटतं माणसाने काय केलं ते सोडून तो कोण आहे, किती गरीब आहे याचीच शिक्षा होत असेल तर तो अन्यायच. पण एवढी एकच कसोटी पुरते का? कुणी वकील असेल तर प्लीज सांगा, आणि आजींना सोडवायला काय कागद लागतील तेही.