केस चालू असताना पासपोर्ट
‘केस प्रलंबित असली की पासपोर्ट विसरा’ असं बरेचदा म्हटलं जातं, पण ते तितकंसं खरं नाही. केंद्राच्या १९९३च्या अधिसूचनेनुसार कोर्टाने परदेशी जायची परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. पण आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर एकाच वर्षाचा. माझ्या मावसभावाच्या वकिलाने नेमकी ही मुदत लिहून मागायचं राहू दिलं. पठ्ठ्या वर्षभरात पुन्हा कोर्टाच्या पायरीवर!

नोकरीच्या फॉर्मवर मात्र ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ या रकान्यात खोटं ‘नाही’ लिहू नका, निर्दोष सुटला असलात तरी. तरुणपणी घोषणा दिल्याची वगैरे किरकोळ केस लपवली तर नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो, असं सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग खटल्यात (२०१६) म्हटलंय. करू शकतो, करेलच असं नाही.